स्वतःवर भरवसा नसताना देवाची आज्ञा पाळावी कशी?

खाडीपलीकडची (रत्नागिरी जिल्हा)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मी किनारपट्टीवरील एका लहान ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, सभासद आहे. आमची घरे मोजकीच उरली आहेत. तरुण मंडळी नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेली, आणि पाळकसाहेबांकडे आणखीही मंडळ्यांचा भार असल्यामुळे ते महिन्यातून एकाच रविवारी आमच्याकडे येऊ शकतात. उरलेल्या रविवारी उपासना चालवणारे मंडळीतले वडील (एल्डर) आता थकले आहेत आणि दृष्टी अधू झाल्याने शास्त्रवाचनही त्यांना झेपत नाही. म्हणून मंडळीच्या पंचांनी मला बोलावून, पाळकसाहेब नसतील त्या रविवारी उपासना तू चालव आणि वचनावर थोडे बोलतही जा, असे सांगितले आहे. उत्तरासाठी मी मुदत मागून घेतली होती, ती आता संपत आली आहे.

मी मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहिते. त्या कामात मी कोणाला भीत नाही. डिझेलच्या कोट्यावरून एखादा नाखवा कितीही आवाज चढवून बोलला, तरी खतावणी त्याच्यापुढे सरकवून मी त्याला गप्प करू शकते. उपासनेत मात्र नुसते एक स्तोत्र वाचायला उभी राहिले तरी बायबलच्या ज्या पानाचा कोपरा मी बोटांत धरलेला असतो, ते पान थरथरताना पहिल्या बाकावरच्यांना स्पष्ट दिसते. एवढेच असते तर मी ते सोसलेही असते, पण खरी अडचण आतली आहे. माझी प्रार्थना बरेच दिवस कोरडी चालली आहे, आणि ज्या विश्वासाविषयी मी इतरांपुढे बोलायचे तो माझ्या स्वतःच्या पदरी पुरेसा आहे का, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

एका वडीलधाऱ्या मावशींनी सांगितले की, मनाला शांती नसेल तर ती देवाची इच्छा नव्हे असे समजून सरळ नकार द्यावा. एका बंधूंनी उलट बजावले की, नकार दिलास तर तुझी योनासारखी गत होईल. दोघेही प्रार्थना करणारी माणसे आहेत, त्यामुळे कोणाचेच म्हणणे मला उडवून लावता येत नाही. मला विचारायचे आहे ते असे, की माझ्या मनातला हा संशय म्हणजे नम्रता समजावी की अवज्ञा? आणि हे देवाचे पाचारण आहे, की केवळ दुसरे कोणी नाही म्हणून माझ्याकडे आलेले काम, हे ओळखावे कसे?

वेंगुर्लेकर मास्तर

भगिनी, आपला प्रश्न दोनदा वाचला. मावशींचा सल्ला आपल्या मंडळ्यांत फार प्रचलित आहे, आणि मला तो फार धोक्याचा वाटतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

योनाचे नाव आपल्यापुढे घेतले गेलेच आहे, तर त्याच पुस्तकाचा पहिला अध्याय नीट वाचावा. देवाने निनवेला जा म्हटले आणि योना तार्शीशच्या जहाजात बसला, म्हणजे अगदी उलट दिशेला निघाला. समुद्र खवळला, खलाशी आपापल्या देवांचा धावा करू लागले, माल पाण्यात टाकू लागले, आणि त्या वेळी योना जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. मनाची शांती हीच देवाच्या इच्छेची खूण मानायची तर त्या जहाजावर सर्वांत जास्त शांती पळून जाणाऱ्याच्याच वाट्याला आली होती. उलट गेथशेमाने बागेत पित्याच्या इच्छेला पूर्णपणे वश झालेल्या पुत्राचा, म्हणजे येशूचा, घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असे लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो. तेव्हा पोटात गोळा येतो म्हणून हे काम देवाचे नाही, असा निष्कर्ष काढायला शास्त्रात आधार नाही. अर्थात पोटात गोळा येतो म्हणून ते देवाचेच आहे, असेही कोणी समजू नये.

आता आपल्या संशयाविषयी. देव मिसरच्या फारो राजाकडे पाठवत असताना मोशेने जळत्या झुडपापुढे काढलेल्या सबबी निर्गमच्या तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायांत आहेत. पहिली सबब आपल्यासारखीच आहे: फारोकडे जाणारा मी कोण? देवाने त्यावर काय म्हटले ते पाहण्यासारखे आहे. तू मिसर देशाच्या राजवाड्यात वाढलेला आहेस, तुला दरबारी रीत ठाऊक आहे, तुझ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही, असे त्याला सहज म्हणता आले असते आणि ते खोटेही ठरले नसते. तो म्हणाला, "मी तुझ्याबरोबर असेन." मोशेने प्रश्न केला स्वतःविषयी आणि उत्तर मिळाले देवाविषयी. पुढे मोशे आपण जड जिभेचे आहोत म्हणतो, तेव्हाही देव जीभ कोणी घडवली एवढेच विचारतो. देवाचा कोप भडकला तो अगदी शेवटी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव असे मोशे म्हणाला तेव्हा. त्याआधीच्या एकाही शंकेवर देव रागावलेला नाही. माझ्या मते आपण विचारलेली सीमा इथे आहे. मला जमेल का, हा प्रश्न देवापुढे मांडणे ही अवज्ञा नव्हे. तो प्रश्न पुढे करून पाठ फिरवणे ही अवज्ञा होय.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. याच जड जिभेच्या मोशेविषयी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात स्तेफन म्हणतो की, तो बोलण्यात आणि करण्यात पराक्रमी होता. दोघांपैकी कोणाचे खरे धरावे यावर पंडितांनी वाद घालावा, पण माणसाने स्वतःविषयी दिलेली साक्ष शेवटचा शब्द मानू नये एवढे त्यातून मी घेतो.

देवाने लढाईला पाठवलेल्या गिदोनाने खूण म्हणून मागितलेली लोकर आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. आपणही देवाकडे एखादी खूण मागावी, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. गिदोनाला खूण मिळाली, एक नव्हे तर दोन: आधी लोकर भिजली आणि जमीन कोरडी राहिली, मग लोकर कोरडी राहिली आणि जमीन भिजली. त्यानंतर त्याच्या बत्तीस हजार सैनिकांतून बावीस हजार परत गेले, उरलेल्या दहा हजारांतून तीनशे निवडले गेले, आणि लढाईच्या रात्री देव त्याला म्हणतो की, तुला भीती वाटत असेल तर आपला सेवक पुरा याला घेऊन शत्रूच्या छावणीजवळ जा. गिदोन गेला. म्हणजे दोन चमत्कार पाहूनही त्याची भीती जागच्या जागीच होती. खुणा मागत बसलात तर त्या मिळूनही आपल्या पानाचा कोपरा थरथरतच राहील, आणि तसा थरथरणारा माणूसही देवाने लढाईला नेला.

रापणकर (मालवण)

मास्तरांनी वचनाचा अर्थ चांगला उलगडला आहे. मी पाण्यावर पोट भरणारा माणूस आहे, म्हणून मला जवळच्या वाटणाऱ्या एका अध्यायाबद्दल चार शब्द लिहितो.

लूकच्या पाचव्या अध्यायात येशू मच्छीमार पेत्राला खोल पाण्यात हाकारून जाळी सोडायला सांगतो. आपल्याकडे प्रवचनांत पेत्राचा तिथला संशय अल्पविश्वासाचा म्हणून सांगतात, ते मला कधी पटले नाही. त्याची शंका जाणकाराची होती. रात्रभर जाळी ओढून काही लागले नव्हते, सकाळ झाली होती, आणि मचव्यांतून उतरून ते जाळी धूत होते असे लूक मुद्दाम लिहितो. जाळे धुणे म्हणजे काय हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. आसांत अडकलेले शेवाळ आणि काटक्या एकेक करून काढाव्या लागतात, तोपर्यंत बोटांची साले निघतात आणि डोळ्यांवर झोप आलेली असते. ते काम उरकत आलेले असताना एक सुतार येऊन म्हणतो, जाळी पुन्हा पाण्यात टाका. पेत्र आपले मत लपवत नाही, रात्रभर कष्ट करून काही मिळाले नाही हे तो आधी सांगतो. मग म्हणतो, तरी आपल्या सांगण्यावरून जाळी सोडतो. त्याचे मत बदलले होते असे लूक कुठेही लिहीत नाही. मत तेच ठेवून त्याने जाळे सोडले.

त्याच्या पुढचा भाग भगिनींनी विशेष लक्ष देऊन वाचावा. मासे लागले, जाळी फाटू लागली, दुसऱ्या मचव्यातल्या सोबत्यांना बोलवावे लागले आणि दोन्ही मचवे भरून बुडायला आले. एवढी मासळी पाहून कोणाचाही आत्मविश्वास वाढला असता. पेत्र मात्र येशूच्या पाया पडून म्हणतो, "प्रभूजी, माझ्यापासून जा, कारण मी पापी मनुष्य आहे." स्वतःविषयीचा खरा संशय त्याला काम फत्ते झाल्यावर आला. आधी संशय जाईल आणि मग मी सेवा करीन, असा बेत आपण करीत असाल तर पेत्राच्या बाबतीत क्रम नेमका उलटा होता. त्यावर येशूनेही त्याला तू पापी नाहीस असे म्हटले नाही. "भिऊ नको," एवढे म्हणून पुढचे काम सांगितले.

वसईची लेक

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडची रीत थोडी वेगळी आहे, परंतु हा प्रश्न आमच्या धर्मग्रामातही रोजचाच आहे. मास्तरांच्या बहुतेक लिखाणाशी मी सहमत आहे. दोन ठिकाणी मात्र माझे मत निराळे आहे.

पहिली गोष्ट अशी की, मोशे, गिदोन आणि पेत्र यांना देवाने थेट सांगितले होते. ताईंना पंचांनी सांगितले आहे. पंचांच्या तोंडून देव बोलू शकतो, पण पंचांचे प्रत्येक बोलणे हे देवाचे बोलणे नसते, आणि माणूसबळ कमी पडले की जी व्यक्ती नाही म्हणत नाही तिच्याच खांद्यावर सगळे ओझे टाकायची सवय आपल्या सर्वच चर्चमध्ये आहे, त्यातही स्त्रियांच्या बाबतीत अधिक. म्हणून आज्ञा पाळण्याआधी ती आज्ञा आहे का, हे तपासणे हासुद्धा आज्ञापालनाचाच भाग आहे. दुसरे कोणी नाही म्हणून काम आपल्याकडे आले, एवढ्यावरून ते पाचारण ठरत नाही, आणि एवढ्यावरून ते पाचारण नाही असेही ठरत नाही.

दुसरी गोष्ट शांतीची. एखाद्या दिवशीची मनःस्थिती हे प्रमाण नव्हे, हे मास्तरांचे म्हणणे खरे. तरीही मनाकडे अजिबात पाहू नये, हे मला मान्य नाही. संत इग्नाशियस लोयोला यांनी या बाबतीत घालून दिलेला एक नियम आमचे फादर नेहमी सांगतात: मन कोरडे आणि उदास असेल त्या काळात, ते प्रसन्न असताना केलेला निश्चय बदलू नये. ताई, आपण लिहिले आहे की प्रार्थना कोरडी चालली आहे. मग या कोरड्या काळाच्या आधी, मन भरलेले असताना, वचन शिकवण्याची ओढ आपल्याला कधी वाटली होती का? वाटली असेल तर आजच्या कोरडेपणाला ती पुसून टाकण्याचा अधिकार देऊ नका. कधीच वाटली नसेल तर पंचांना तसे स्पष्ट सांगण्यात पाप नाही.

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. येशूसंघीयांबरोबर (जेझुइटांबरोबर) ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले, धर्मशिक्षणाच्या कामात त्यांनी कित्येक वर्षे मदत केली, परंतु संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा काही पुरी झाली नाही. आपण या कामाला लायक नाही असे समजायला त्यांच्याजवळ पुरेसे कारण होते. त्यांनी काही काळ व्यापार केला, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला, आणि दुभाषी म्हणून पुन्हा त्याच जपानमध्ये गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह ते क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद जाहीर झाले. ते धर्मगुरू कधीच नव्हते. सेवेचे एक दार बंद झाले आणि ती नंतर दुसऱ्याच नावाने त्यांच्याकडे आली, त्यामुळे आता ठरवाल तेच कायमचे, अशा दडपणाखाली ताईंनी राहू नये असे मला वाटते.

बाणकोटवाली

सर्वांचे वाचून मला एकच सुचते, आणि ते अगदी व्यवहाराचे आहे. देवाची आज्ञा पाळायची म्हणजे ती पहिल्याच रविवारी एकटीने आणि संपूर्ण पाळायची, असे का धरायचे? मोशेवर देवाचा कोप झाला त्याच वचनात देवाने त्याला बोलायला भाऊ अहरोन दिला. आपणही मदतनीस मागा. वचन एकीने वाचावे, प्रार्थना दुसरीने करावी, बोलणे तिसऱ्याने करावे.

आमच्या किनाऱ्यावर १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी पहिल्यांदा बाणकोटला आले. त्यांच्यापैकी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले, काम धड सुरूही झाले नव्हते. मुंबईत पुढे एवढे नाव झालेले जॉन विल्सन १८२९ मध्ये भारतात उतरल्यावर आधी याच भागात, हर्णैला येऊन राहिले, मराठी शिकले, आणि मग मुंबईच्या कामाला लागले. मराठी येत नाही म्हणून ते स्कॉटलंडला परत गेले नाहीत, आणि मराठी न शिकता मुंबईत उपदेशालाही उभे राहिले नाहीत. आपल्याला जे येत नाही त्यातले बरेचसे शिकण्यासारखे असते, आणि त्याला आपण उगीच विश्वासाचा प्रश्न करून बसतो. पान थरथरते ना? मग बायबल हातात धरूच नका, व्यासपीठावर उघडे ठेवून वाचा.

खाडीपलीकडची

सर्वांचे मनापासून आभार. बाणकोटवाल्या ताईंची शेवटची सूचना वाचून मला हसू आले. इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

वसईच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. पूर्वी मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत असे आणि तेव्हा शनिवारची संध्याकाळ मला आठवड्यातली सर्वांत आवडती वाटे. मुले कमी झाली, शाळा बंद पडली, आणि त्यानंतर ती ओढ मी विसरूनच गेले होते.

काल पंचांना भेटून मी होकार दिला, पण काही अटी घातल्या. आधी तीन महिनेच करून पाहायचे. प्रार्थना चालवायला शेजारच्या काकी तयार झाल्या आहेत. बोलण्याचा आराखडा मी शुक्रवारी पाळकसाहेबांना फोनवर पाठवायचा आणि त्यांनी तो तपासून द्यायचा. पंचांपैकी एकाला अटींची भाषा रुचली नाही, सेवेत कसल्या अटी, असे ते म्हणाले. बाकीच्यांनी मान डोलावली. माझी भीती होती तेवढीच आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. ज्या वचनावर बोलायचे त्यातले एखादे माझ्या स्वतःच्याच मनाला पूर्ण पटलेले नसेल तर मी काय करावे? न पटलेले पटल्यासारखे बोलणे मला ढोंग वाटते.

वेंगुर्लेकर मास्तर

अटी चांगल्या घातल्यात. ज्यांना त्या रुचल्या नाहीत त्यांचेही पुढे मत बदलेल, आणि न बदलले तरी उपासना अडणार नाही.

ढोंगाची आपली भीती योग्य आहे, तेव्हा ढोंग करूच नका. व्यासपीठावर आपण आपल्या अनुभवाची ग्वाही द्यायला उभ्या राहत नाही, वचन काय म्हणते ते सांगायला उभ्या राहता. या वचनात असे म्हटले आहे, हे आपण पूर्ण प्रामाणिकपणे सांगू शकता, मग त्या दिवशी आपले मन त्यातल्या कितव्या पायरीवर का असेना. आणि एखादे वचन जड जाते आहे, हे कधी उघड सांगावेसे वाटले तर तसेही सांगावे. ज्या बापाने आपल्या आजारी मुलाला येशूकडे आणले, त्याने माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवून टाका, या दोन्ही गोष्टी एका दमात आणि लोकांसमक्ष म्हटल्या, आणि त्याचा मुलगा बरा झाला.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर पुनरुत्थित प्रभूला भेटतात. त्यांनी त्याला नमन केले, तरी काहींना संशय वाटला, असे तिथे लिहिले आहे. सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, ही आज्ञा त्यानंतर लगेच येते. संशय वाटणाऱ्यांना बाजूला काढून ती उरलेल्यांनाच दिली, असे मत्तय म्हणत नाही. पहिल्या रविवारसाठी हाच भाग घ्यावा असे सुचवतो. अठ्ठाविसाव्या अध्यायातली १६ ते २० एवढीच वचने पुरेत; त्यात पंधरा मिनिटे सहज जातील, आणि आराखडाही एका पानात बसेल.